शाळेत असताना युथ ऑर्केस्ट्रा: परीक्षेच्या वर्षी सोडावा का?

मधली_तार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज घरातल्या एका प्रश्नामुळे पहिलाच धागा काढतेय.

आम्ही मूळचे नाशिकचे. मी ९ वर्षांची असताना बाबांच्या नोकरीमुळे इंग्लंडला आलो. धाकटा भाऊ इथेच जन्मला, आता १५ वर्षांचा आहे. आमच्या काउंटीच्या युथ ऑर्केस्ट्रात तो डबल बास वाजवतो. दर शनिवारी सकाळी ३ तास तालीम, वर्षाला ३ कार्यक्रम. सप्टेंबरपासून त्याचं जीसीएसईचं वर्ष सुरू होतंय, म्हणजे आपल्या दहावीसारखंच. परीक्षा पुढच्या मे-जूनमध्ये. बाबांचं म्हणणं, एक वर्ष ऑर्केस्ट्रा बंद. पुढच्या वर्षाचा फॉर्म या महिनाअखेर भरायचाय. भाऊ काही बोलत नाही, तो मुळातच कमी बोलतो. भांडतेय ती मी एकटी.

मी भांडतेय कारण याच ऑर्केस्ट्रात १३ ते १८ अशी पाच वर्षं मी व्हायोला वाजवला. शाळेत सगळ्यांना व्हायोलिन हवं होतं. बाईंनी माझे लांब हात बघितले आणि हातात व्हायोला दिला. व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, जरा खर्जातला.

पहिली तालीम अजून आठवते. शाळेच्या हॉलमध्ये ७०-८० मुलं. ओबोवाल्या मुलीने 'ए' हा सूर दिला, सगळ्यांनी तारा लावल्या, आणि कंडक्टरचा हात खाली आला. मागे ट्रॉम्बोन होते, त्यांचा आवाज मला खुर्चीतून लागत होता. बाराव्या बारला, म्हणजे नोटेशनच्या बाराव्या खान्याला, मी हरवले. घरी बसून पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. नोटेशन ठेवायला दोघींत एक स्टँड असतो. माझ्या शेजारी १७ वर्षांची एक मुलगी होती. तिने क्षणभर वाजवणं थांबवून गजाचं टोक कागदावर एका जागी टेकवलं. "इथे." मी तिथून पुन्हा धरलं. त्या सकाळी तिने असं किमान दहा वेळा केलं असेल, आणि एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही.

त्या वर्षी आम्ही सिबेलियसची दुसरी सिंफनी केली. शेवटच्या भागात एक संथ धून पुन्हा पुन्हा येते. ती वाजवतात दुसरे. व्हायोला आणि चेलो तिच्याखाली वर-खाली धावणाऱ्या सुरांची एकच ओळ वाजवत राहतात. पानामागून पान तेच. प्रत्येक वाद्याच्या नोटेशनच्या प्रती भाड्याने आणलेल्या होत्या, त्यांवर आधी वाजवलेल्यांच्या पेन्सिलच्या खुणा. एका ठिकाणी कोणीतरी छोटा चष्मा काढलेला, म्हणजे 'इथे कंडक्टरकडे बघ'. चष्म्याखाली तारीख होती, १९८७ मधली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी याच बारवर अडखळलं होतं.

त्या कार्यक्रमाला नाशिकहून आजी आली होती. संपल्यावर तिने विचारलं, "सगळं छान झालं गं, पण यातला तुझा आवाज कुठला?" मला उत्तर देता येईना. घरी आल्यावर मी तिला माझी ओळ एकटीने वाजवून दाखवली. तिने शांतपणे ऐकली. म्हणाली, "हे तर जात्यावरच्या घरघरीसारखं आहे. ओवी दुसरीच कुणीतरी म्हणतंय." आजतागायत व्हायोलाबद्दल इतकं अचूक मला कुणी सांगितलेलं नाही.

तर प्रश्न असा: शाळेत असताना अशा मोठ्या वाद्यवृंदात तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी वाजवलंय का? परीक्षेच्या वर्षी काय केलंत? यंदा भावाचे लोक द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी बसवताहेत, मार्चमध्ये कार्यक्रम.

नगारा

धाग्याचं नाव वाचून मी आपला हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राचा विषय समजून धावत आलो :) आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीचा मांडव आणि झगमगता कोट घातलेला निवेदक. पण आजीची जात्याची उपमा वाचून थांबलो. वाचतोय, येऊ द्या.

सायली_के

फार सुंदर लिहिलंयस. भावाला सोडू देऊ नकोस. +१००

थेम्सकाठ

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नकोस.

आम्हीही इंग्लंडमध्येच. माझा मुलगा चेलो वाजवायचा, असाच शनिवारचा ऑर्केस्ट्रा. ३ तास तालीम म्हणतात, पण जाणं-येणं, वाद्य चढवणं-उतरवणं धरून सगळी सकाळ जाते. दुपारी मूल दमून झोपतं. त्यात कार्यक्रमाच्या आधी जादा तालमी. जीसीएसईच्या वर्षी आम्ही चालू ठेवलं, कारण सगळे तुझ्यासारखंच म्हणत होते. जानेवारीतल्या सराव परीक्षेत गणित आणि केमिस्ट्री दोन्हीत घसरला. मग फेब्रुवारीत मधूनच सोडावं लागलं, आणि मधून सोडल्याचं त्याला जे वाईट वाटलं, ते सुरुवातीलाच न गेल्याने वाटलं नसतं. कार्यक्रमाच्या दिवशी तो खोलीतून बाहेर आला नाही.

तुझे बाबा काही संगीताचे शत्रू नाहीत. त्यांना भीती वाटतेय, आणि ती भीती खरी आहे. भांडण्याआधी एकदा त्यांचं नीट ऐकून घे.

मधली_तार

थेम्सकाठ, राग कसला, उलट हेच ऐकायचं होतं. तुमच्या मुलाचं वाचून पोटात कालवलं. मधून सोडण्याचा हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

खमाज

मिरजेत राहतो, हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकवतो. माझा मुद्दा परीक्षेचा नाही, संगीताचाच आहे.

१३ ते १८ हे वय कानाचं असतं. या वयात मूल एक सूर धरून तासभर बसलं तर त्याला सुराचं घर कळतं. आमच्याकडे मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवतात, म्हणजे डावा हात मोकळा राहून मींड घेता येते. वि. ग. जोग आणि दातार यांनी याच वाद्यातून गळ्यासारखं गाणं काढलं. ऑर्केस्ट्रात मूल काय करतं? समोर लिहिलेलं वाजवतं. स्वतःचं काही सुचण्याला तिथे जागाच नाही. आणि स्वर सगळे पियानोच्या मापाचे. असा गांधार पाच वर्षं कानात बसला तर पुढे तानपुऱ्याशेजारी बसवताना ते मूल गोंधळतं. माझ्याकडे परदेशातून सुटीत येणाऱ्या मुलांचं हे मी स्वतः बघितलंय.

अनुभव मोलाचा असेल, नाही म्हणत नाही. पण त्याला संगीताचं शिक्षण म्हणताना मी थोडा थांबेन.

मधली_तार

खमाज, आदर ठेवून असहमत. गांधाराबद्दल सांगते.

व्हायोलिन-व्हायोलासारख्या वाद्यांना पडदे नसतात, त्यामुळे पियानोचं माप आमच्यावर बांधलेलं नसतं. सेक्शनल तालमीत म्हणजे फक्त तंतुवाद्यांच्या तालमीत आमचे सर मेजर कॉर्ड लावायला सांगायचे. आधी मूळ स्वर, मग पंचम, आणि सगळ्यात शेवटी मधला स्वर म्हणजे तुमचा गांधार. तो बऱ्याचदा व्हायोलांकडे असायचा. ट्यूनरवर बरोबर दिसेल असा लावला की सर मान हलवायचे. "खाली. अजून थोडा खाली. आता ऐका." आणि एका जागी ती कॉर्ड घट्ट व्हायची, गुणगुण थांबायची. पुस्तकात हे मी नंतर वाचलं, पण बोटाला ते १४ व्या वर्षीच कळलं होतं.

सुचण्याला जागा नाही हे मात्र खरं. ते नाकारत नाही.

खमाज

हे मला नवीन आहे. ट्यूनरपेक्षा खाली म्हणजे तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गांधारच झाला. तो पेटीच्या गांधारापेक्षा उतरलेला असतो. तुमच्या सरांचा कान चांगला आहे. गांधाराचा मुद्दा मागे घेतो, बाकीचे राहू देत.

मांडवीकाठ

युथ ऑर्केस्ट्रा हा शब्द नवा वाटतो, पण गोष्ट आमच्या गोव्यात जुनी आहे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळा असत. तिथे संगीत शिकवणाऱ्याला मेस्त्र म्हणत. मुलांना अक्षरओळख आणि सोल्फेजो बरोबरच. आधी कागद बघून सूर म्हणायचा, तो पक्का झाला की मग हातात व्हायोलिन. सणाला आणि लादीनच्या म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या वेळी हीच मुलं वाजवायची. आमच्या शेजारच्या आजोबांनी ८० व्या वर्षीही नवा कागद समोर ठेवला की पहिल्या नजरेत वाजवून दाखवलेलं मी बघितलंय.

ही मुलं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा राहिला. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख, आणि पोरगा १६ व्या वर्षी मुंबईत नौशादांकडे व्हायोलिन वाजवत होता. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. रागांवर आधारलेल्या रचना, समोर पाश्चात्त्य वाद्यवृंद, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. प्यारेलाल त्यांचेच शिष्य.

म्हणून खमाज यांना विचारावंसं वाटतं: लहानपणी कागद बघून दुसऱ्यांसोबत वाजवायची सवय नसती, तर आपल्या त्या गाण्यांमधले व्हायोलिनचे ताफे कुठून आले असते?

खमाज

बिनतोड. मुलांच्या वाद्यवृंदाचं आमच्या बाजूचंही एक उदाहरण आहे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहरला शंभरेक वर्षांपूर्वी, साथीच्या रोगात अनाथ झालेली मुलं गोळा करून बँड उभा केला. रागदारीच वाजवायची, पण सगळ्यांनी मिळून. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचं वाद्य केलं, ते त्या बँडमध्ये वाजायचं. आमच्या परंपरेला हे जमत नाही असं म्हणणं चुकीचंच ठरेल.

दुर्वांकुर

न्यू जर्सीतून. आमची मुलगी चौथीत असताना शाळेत सगळ्यांना वाद्य निवडायला सांगितलं, तिने व्हायोलिन घेतलं. सातवीपासून शाळेबाहेरच्या युथ ऑर्केस्ट्रात आहे.

इथल्या एका गोष्टीचा मला त्रास होतो, ती सांगतो. खुर्च्या. दरवर्षी ऑडिशन, आणि त्यावरून कोण कितव्या खुर्चीवर ते ठरतं. यादी ईमेलने येते. ज्या दिवशी यादी येणार त्या दिवशी घरात कोणी धड जेवत नाही. आठवीत मुलगी सहाव्या खुर्चीवरून चौदाव्या खुर्चीवर गेली. तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि तीन आठवडे उघडलं नाही. आम्हा आईवडिलांचीही चूक होती. गाडीत आम्ही तिच्याशी खुर्चीबद्दलच बोलायचो, सुरांबद्दल एकदाही नाही.

ती परत कशी आली? दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या डेस्कवर बसवलं होतं, तिथे तिच्या शेजारी पहिल्याच वर्षाचा एक मुलगा होता. तो हरवायचा. ही त्याला गजाने जागा दाखवायची. मूळ लेख वाचताना अंगावर काटा आला, कारण अगदी हेच तिने मला सांगितलं होतं. एका शनिवारी गाडीत म्हणाली, "बाबा, आज तो एकदाही हरवला नाही." त्या दिवशी इतकी खूश होती की पहिली खुर्ची मिळाल्यावरही तिला तेवढं खूश बघितलं नाही.

जाता जाता, लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली 'अमेरिकन यूथ सिंफनी' सुरू करणारे मेहली मेहता मूळ मुंबईचे. झुबिन मेहतांचे वडील. त्याआधी १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. तिकडे गेल्यावर तीसहून जास्त वर्षं ते तरुण मुलांनाच घडवत राहिले.

नगारा

या सगळ्यापुढे आमचं शाळेचं बँडपथक कुठे, पण सांगतोच. सातारा जिल्ह्यातली शाळा. मोठा ढोल एक, साइड ड्रम चार, बाकी बासऱ्या आणि एक बिगुल. मी साइड ड्रमवर. २६ जानेवारीला तहसीलदारांसमोर संचलन. आमचे पीटीचे सर सांगायचे, "आपल्या हाताकडं बघायचं न्हाई, पुढच्याच्या खांद्याकडं बघायचं." खांदा हलला की पाऊल, पाऊल पडलं की टिपरी. आज पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवतो, ४० ढोल एका वेळी. अजूनही पुढच्याचा खांदाच बघतो. त्यामुळे तुमच्या पेन्सिलच्या चष्म्याचा अर्थ मला लगेच लागला.

आणि डबल बासबद्दल एक शंका: तो तुमच्या गाडीत मावतो का?

मधली_तार

पुढची सीट पूर्ण मागे झोपवली तर मावतो. मग घरातल्या एकाला बसने जावं लागतं. बहुतेक वेळा आईला :) खांद्याचं वाचून खूप छान वाटलं.

नगारा

म्हणजे बाबांचं 'बास' वेगळं आणि भावाचा बास वेगळा. दोघांनाही एकाच गाडीत बसवायचंय, अवघड आहे.

झांजवाला

नाव बघून कळलंच असेल. 'न्यू वर्ल्ड' म्हटल्यावर लॉगिन केल्याशिवाय राहवलं नाही.

माझं शालेय शिक्षण जर्मनीत स्टुटगार्टजवळ झालं. १६ व्या वर्षी युथ ऑर्केस्ट्रात तालवाद्यांवर होतो. टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, मोठ्या मुलाकडे. मला 'न्यू वर्ल्ड'मध्ये तिसऱ्या भागात ट्रँगल आणि चौथ्या भागात झांज. सिंफनी साधारण ४०-४५ मिनिटांची. तेवढ्यात झांजेचा आघात किती? एक. संपूर्ण सिंफनीत एकच, आणि तोही दणकून नाही, मध्यम आवाजात.

चार महिने मी त्या एका आघातासाठी दर आठवड्याला तालमीला गेलो. आई विचारायची, "आज काय शिकलास?" काय सांगणार? पण त्या चार महिन्यांत काय झालं ते सांगतो. माझ्याकडे वाजवायला काही नव्हतं म्हणून मी ऐकत बसलो. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न वाजवणाऱ्या मुलीचा श्वास कुठे संपतो, ते मला माहीत झालं. क्लॅरिनेटवाला अवघड जागेच्या आधी खांदे उचलतो, तेही. चौथ्या भागात क्लॅरिनेटची ती हळवी धून सुरू होण्याच्या थोडं आधी माझी झांज येते. पहिले काही आठवडे मी बार मोजायचो. नंतर मोजणं बंद केलं, कारण जागा यायच्या आधीच ती येतेय हे अंगाला कळायला लागलं.

कार्यक्रमात मी झांजा हातात घेऊन उभा राहिलो. तळवे घामाने ओले, चामड्याच्या वाद्या घसरत होत्या. वाजवली. एक काठ दुसऱ्यावर अलगद घासत गेला, जसा हवा होता तसाच. आवाज हवेत विरेपर्यंत झांजा उघड्या धरल्या आणि मग कोटाला टेकवून बंद केल्या. बास, एवढंच. पुढची सात-आठ मिनिटं मी तिथे उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

आता मी इंजिनिअर आहे, झांज हातात घेऊन १२ वर्षं झाली. पण मीटिंगमध्ये माझी बोलायची जागा येईपर्यंत बाकीचे काय म्हणताहेत ते मी खरंच ऐकतो, हे मला तिथूनच मिळालं. म्हणून माझं मत सरळ आहे: सोडू नये.

वाचनवेडी

झांजवाला, प्रतिसाद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली.

थेम्सकाठ

सुंदर अनुभव आहे. पण झांजवाला, त्या वर्षी तुमची बोर्डाची परीक्षा होती का?

झांजवाला

नव्हती. आमची मोठी परीक्षा शेवटी, शाळा संपताना असते. तुमचा प्रश्न रास्त आहे, मी त्याला बगल दिली.

चौपाटी

मुंबईकर. स्वतः काही वाजवत नाही, पण इथल्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम २००६ मध्ये तो सुरू झाला तेव्हापासून ऐकतोय. मागे बसून ऐकणाऱ्याच्या दोन गोष्टी.

एक, मधली_तार यांच्यासाठी: द्वोर्झाक स्वतः व्हायोलावाला होता. प्रागच्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात त्याने सुमारे नऊ वर्षं व्हायोला वाजवला. आजीने विचारलेला प्रश्न त्यालाही कुणीतरी विचारला असेल.

दुसरी तुमच्या भावासाठी. 'न्यू वर्ल्ड' त्याने न्यूयॉर्कला असताना लिहिली, पहिला प्रयोग डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये झाला. सगळे बोलतात दुसऱ्या भागातल्या इंग्लिश हॉर्नच्या धुनीबद्दल. पण तो भाग संपतो कसा, ते लक्ष देऊन ऐका. धून थोड्याच तंतुवाद्यांकडे येते, मध्येच तुटते, शांतता, पुन्हा दोन सूर, पुन्हा शांतता. आणि सगळ्यात शेवटी, बाकी सारे गप्प झाल्यावर, फक्त डबल बास उरतात. चार भागांत वाटलेले, अगदी हळू, एकच कॉर्ड. मोठ्या ऑर्केस्ट्रात आठ बास असतात, मग एका भागाला दोघे येतात.

तुमच्या भावाच्या ऑर्केस्ट्रात बास किती आहेत?

मधली_तार

चार.

चौपाटी

मग प्रत्येकाकडे एकेक स्वर. दुसरा कोणी झाकायला नाही.

मधली_तार

आत्ताच त्याच्या खोलीत जाऊन आले. "शेवटच्या कॉर्डमध्ये तुझा स्वर कुठला?" म्हणून विचारलं. काही न बोलता फाइल उघडली आणि दाखवलं. नोटेशनच्या प्रती मागच्याच आठवड्यात वाटल्या आहेत, तालीम अजून सुरू नाही. त्या स्वरावर त्याने पेन्सिलने गोल केलाय आणि शेजारी चष्मा काढलाय.

एवढे दिवस मी त्याच्या वतीने भांडत होते आणि त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.

सायली_के

आता बाबांना ते पान दाखव!!

थेम्सकाठ

मधली_तार, आता व्यवहाराचं बोलते. माझ्या मुलाच्या वेळी झालेली चूक मी तुला सांगितली, तीच उलटी करता येईल. मधून सोडायला लागू नये म्हणून आधीच हद्द ठरवा. कार्यक्रम मार्चमध्ये, परीक्षा मेमध्ये. फॉर्म भरतानाच लिहून द्या की मार्चचा कार्यक्रम करीन, त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत सुटी. आम्हाला हे विचारायचं सुचलंच नाही. बहुतेक ऑर्केस्ट्रांना परीक्षेच्या वर्षातली मुलं नवीन नसतात. आणि डिसेंबरच्या तालमींना जाताना गाडीत केमिस्ट्रीची उजळणी बाबांनी घ्यावी. बासमुळे एकाला बसने जावं लागतंच, तर गाडीत हे दोघेच राहतील.

दुर्वांकुर

गाडीत बोलण्याबद्दल अनुमोदन, फक्त केमिस्ट्री जातानाच. येताना नको. येताना त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, नाहीतर गप्प बसू द्या.

मांडवीकाठ

आमच्याकडे गरीब घरच्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवणारी संस्था २००९ पासून काम करतेय. तिथल्या मुलांची वादनं ऐकायला जातो. त्यांच्याकडेही डबल बासवाले मिळणं सगळ्यात कठीण. तुमच्या भावाने वाद्य निवडलंय तेच मुळी दुर्मीळ, हे बाबांना जरूर सांगा.

मधली_तार

चार दिवसांनी लिहितेय.

पान मी दाखवलं नाही, त्यानेच दाखवलं. रविवारी बाबा चहा पीत होते, त्यांच्यासमोर फाइल ठेवली आणि म्हणाला, "हा फक्त माझ्याकडे आहे." बाबांना नोटेशन वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, वाजवून दाखव. त्याने दाखवला. एकच लांब, खोल सूर. एकटा तो काहीच वाटत नाही, मला माझी सिबेलियसची ओळ आठवली. बाबा म्हणाले, "आणि बाकीचे तीन कुठेत?" त्यावर भाऊ जेवढं बोलला तेवढं मी त्याला वर्षभरात बोलताना ऐकलं नव्हतं. कोणाकडे काय आहे, गज किती हळू ओढायचा, बासची तार जाड म्हणून सूर धरायला वेळ घेते, म्हणून कंडक्टरचा हात खाली यायच्या आधीच गज तारेवर ठेवावा लागतो.

फॉर्म भरलाय. थेम्सकाठ यांनी सांगितलं तसं मार्चपर्यंत, मग सप्टेंबरला परत ऑडिशन. ऑर्केस्ट्राच्या लोकांनी लगेच हो म्हटलं. बाबा पूर्ण निर्धास्त नाहीत, मलाही त्यांची काळजी आता पटते. सराव परीक्षेत गुण कमी आले तर पुन्हा बसून बोलायचं असं ठरलंय. केमिस्ट्री जातानाच, येताना नाही, हेही कबूल झालंय.

खमाज

बरं वाटलं. शेवटची कॉर्ड कुठल्या स्वराची आहे?

मधली_तार

डी फ्लॅट मेजर. भावाकडे एफ आहे.

खमाज

डी फ्लॅट म्हणजे आमची काळी एक. तुमचा भाऊ पांढरी चार वाजवतोय, म्हणजे काळी एकचा गांधार त्याच्याकडे आलाय. चार जणांत सगळ्यात नाजूक जागा त्याचीच.

आज संध्याकाळी शिष्य आले की तानपुरा काळी एकला लावून घेतो आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करून इथे टाकतो. त्याला सांगा, डोळे मिटून ऐक, जोडीच्या आणि खर्जाच्या तारांतून गांधार आपोआप वर येईल. त्यालाच जाऊन मिळायचं.

झांजवाला

रेकॉर्डिंग मलाही हवंय. आणि मार्चची तारीख कळवा, स्टुटगार्टहून विमान दीड-दोन तासांचं आहे.

मधली_तार

कळवते. आजीसुद्धा येतेय.